डेटा पाइपलाइनच्या देखभालीची तरतूद करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेची डेटा पाइपलाइन मी सहा वर्षं सांभाळते आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सकाळ-संध्याकाळ मुख्य कार्यालयात आणायचं, दर लावायचा, दहा दिवसांचं बिल काढायचं, हे तिचं काम. ती उभारायला संचालकांनी पैसे दिले. त्यानंतर मात्र 'एकदा झालंय की, आता कसला खर्च?' हेच ऐकते आहे.

मागच्या ऑगस्टात एका केंद्रावरचं मशीन बदललं. नवं मशीन तारखेत महिना आधी लिहायचं, आमचा प्रोग्राम दिवस आधी वाचायचा. १ ऑगस्टचं दूध ८ जानेवारीला जमा झालं, २ चं ८ फेब्रुवारीला. एरर कुठेच नाही, कारण पहिल्या दहा दिवसांत उलटी झालेली तारीखही खरीच तारीख असते. जागेवर राहिली ती फक्त ८ ऑगस्ट. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एका मावशींच्या हाती एकाच दिवसाचं बिल पडलं. दहाही दिवसांच्या पावत्या रुमालात बांधून त्या केंद्रावर आल्या होत्या. दुरुस्ती दोन ओळींची, पण चूक शोधून नव्याने बिलं काढेपर्यंत चार दिवस गेले. तोवर त्यांची पेंडीची उधारी तशीच राहिली. चालू बिलाच्या दहा दिवसांबाहेरच्या तारखेचं दूध आलं तर अडवणारी तपासणी लावायला मी आदल्या वर्षीच वेळ मागितला होता. मिळाला नाही.

बाहेरचे बदल तर आपल्या हातातच नसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, विक्रीच्या नोंदी बदलाव्या लागल्या. सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणजे ते सारखं नव्याने घ्यावं लागेल. ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना बांधून झाल्या, तरी वीजबिल थकलं की पंप थांबतात, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. तसंच हे.

माझ्या अनुभवात उभारणीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा दरवर्षी लागतोच, शिवाय आठवड्यातला एक दिवस एका माणसाने फक्त यासाठी द्यावा लागतो. दूध संस्था असो, पतसंस्था असो की साखर कारखाना, वार्षिक सभेचा अहवाल हाती आला की देखभालीची ही रक्कम अंदाजपत्रकात कुठल्या पानावर आहे, हे सभासदांनी विचारावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)