टीपेच्या पोटातली टीप

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

एका जुन्या पुस्तकाची एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक तुकड्याला उघडणारी-मिटणारी खूण (टॅग) लावलेली, साध्या मजकुरात आणायची होती. दोन दिवसांचं काम म्हणून घेतलं. पण टीपेत टीप, तिच्यात तिरपा शब्द, असा सगळा मामला. मी आपला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधणारं सूत्र, घेऊन बसलो. ते बाहेरच्या टीपेचं तोंड धरायचं आणि आतल्या टीपेच्या शेवटाशी जोडून मोकळं व्हायचं. आठवडा त्यातच गेला. तुम्ही स्क्रीनकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "शाळेत कंचेभागुबेव शिकला नाहीस का रे? आतला कंस आधी."

मग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, फाइल टप्प्याटप्प्याने वाचणारं 'इटरपार्स' दाखवलंत. टॅग उघडला की 'स्टार्ट'ची वर्दी, मिटला की 'एन्ड'ची. आपण 'एन्ड'लाच हात घालायचा. आतला टॅग आधी मिटतो, त्यामुळे आतून बाहेरचा क्रम आपसूक मिळतो. इतकं सोपं, की लाज वाटली.

खरी मेख पुढेच होती. "हा शब्द मोडीतून आला असावा" या ओळीत 'मोडीतून'ला टीप होती. ती उपटली, तर "आला असावा"सुद्धा गायब! इटरपार्स ज्या एलिमेंटट्री नावाच्या लायब्ररीतलं, तिच्यात टॅग मिटल्यानंतरचा मजकूर त्याच टॅगच्या 'टेल'मध्ये, म्हणजे शेपटात राहतो, हे मला कुठे ठाऊक? मग टीपेच्या 'एन्ड'ला शेपूट वाचवायला गेलो. कधी सापडायचं, कधी रिकामं. निव्वळ चकवा. तुम्हीच सांगितलंत, की त्या क्षणी पुढचा मजकूर वाचून झालेला असेलच असं नाही. बापाचं, म्हणजे बाहेरच्या टॅगचं, 'एन्ड' येऊ दे, तोवर सगळ्या पोरांची शेपटं आलेली असतात. उपटण्याआधी शेपूट आधीच्या भावंडाच्या शेपटाला जोड, भावंड नसेल तर बापाच्या 'टेक्स्ट'ला, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या मजकुराला. आणि 'क्लिअर', म्हणजे टॅग रिकामा करायची आज्ञा, घाईने मारू नको, ते शेपूटही पुसतं.

हे सगळं तुम्ही वाण्याच्या बिलामागे बाण काढून समजावलंत. परवा फाइल दिली. "आला असावा" जागेवर आहे, मी तीनदा बघितलं.

बिल मॉनिटरला चिकटवलंय, परत मिळणार नाही. पुढच्या बाजूला तुमचा पाऊण किलो शेंगदाण्यांचा हिशेब आहे, तो हवा असेल तर फोटो पाठवतो.

तुमचा,
शेपूट हरवलेला शेजारी