पाच हस्की तुझ्या हवाली करताना

मखमलाबाद, नाशिक
१२ एप्रिल

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू २४ ला संध्याकाळी येणार आणि आम्ही २५ ला पहाटे निघणार. सगळं तोंडी सांगायला एवढा वेळ पुरणार नाही. वेळापत्रक फ्रिजवर लावलं आहे, पण त्यात काय करायचं तेवढंच आहे, का करायचं ते नाही. कारण माहीत नसलं की पहिल्या अडचणीला वेळापत्रक मोडतं. म्हणून हे पत्र गाडीत नीट वाच.

हस्की ही कुत्र्यांची जात नाशिकच्या हवेची नाही. चुक्ची लोकांनी सैबेरियाच्या थंडीत, हलकं ओझं घेऊन थोड्या खाण्यावर लांबवर पळतील अशी कुत्री पिढ्यान् पिढ्या निवडली. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी औषध सुमारे १०८५ किलोमीटर, साडेपाच दिवसांत पोचवलं. इथे लोक निळे डोळे बघून पिल्लू घेतात आणि दुसरा उन्हाळा आला की सोडून देतात. आपले पाचही तसेच आलेले. त्यांना परत बर्फात पाठवता येत नाही, तेव्हा जुळवून घ्यायचं ते घरानं, कुत्र्यांनी नव्हे. घरात तुला जे वेगळं दिसेल, दोन फाटकं, सोफा नसलेला हॉल, उघड्या पडलेल्या शहाबादी फरश्या, ते सगळं यामुळेच.

तू येतेस तो नाशिकचा सगळ्यात कडक काळ. दुपारी पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, फक्त पंजांच्या तळव्यांना थोडा. बाकी उष्णता धापेवाटेच बाहेर टाकायची. त्यामुळे सकाळचं फिरणं ५ ला सुरू आणि ६ ला घरात. संध्याकाळी साडेआठच्या आधी दार उघडू नकोस. ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकव. तुला सोसलं नाही तर त्यांच्या पंजांनाही सोसणार नाही. मग अंगणातच दहा मिनिटं.

सकाळी ११ ते संध्याकाळी ६ पाचही जण हॉलमध्ये, एसी २५ वर, पंखा चालू. या दिवसांत केस गळतात, त्यामुळे एसीची जाळी चार दिवसांत बुजते आणि मशीन नुसतं घरघरत राहतं. दर चौथ्या दिवशी जाळी काढून नळाखाली धू. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी नाही. फ्रीजरमध्ये दोन लिटरच्या सहा बाटल्या पाण्यानं गोठवून ठेवल्या आहेत. त्या फडक्यात गुंडाळून जिन्याखालच्या बोळात ठेव, पंखा लाव आणि सगळ्यांना तिथे ने. ती जागा घरात सगळ्यात गार. कूलर कोरड्या हवेतच काम करतो, तोही समोरची खिडकी उघडी असेल तरच. मेमध्ये वळवाचे ढग दाटून हवा चिकट झाली की त्याचा पंप बंद कर, कारण दमट हवेत धाप लागूनही अंग निवत नाही.

अंगावर पाणी ओतायचा मोह होईल. रोजच्यासाठी फक्त पोट, जांघा आणि पंजे ओले कर. पाठीवर ओतलेलं पाणी वरच्या केसांवरून घरंगळतं, आणि आत मुरलंच तर तासन् तास वाळत नाही. मग खालची कातडी चिघळते आणि एका रात्रीत तळहाताएवढी लाल ओली जखम होते. ती दिसली तर भोवतालचे केस कापून डॉक्टरांना दाखव, हळद लावत बसू नकोस.

उष्माघात मात्र वेगळा. सावलीत बसूनही धाप थांबत नाही, लाळ घट्ट तारेसारखी लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, चाल डगमगते, उलटी होते. यातलं काहीही दिसलं की आधी पाणी, मग फोन. नळाचं साधं पाणी सगळ्या अंगावर ओत, बोटांनी केस उलटे करत कातडीपर्यंत पोचव, आणि पंखा लाव. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही, तो थोड्या वेळात तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. निळ्या डब्यात थर्मामीटर आणि व्हॅसलिन आहे. गुदद्वारात घालून मोज. १०१ ते १०२.५ ठीक, १०५ च्या पुढे जिवाला धोका. १०३ वर आलं की पाणी थांबव, नाहीतर तापमान नको तितकं खाली जातं. नंतर कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत उमटतात.

आता केस. शेजारी, रिक्षावाले, पाहुणे, सगळे एकच सांगतील: एवढे केस आहेत, काढून टाका, बिचाऱ्यांना उकडतं. काढायचे नाहीत. वरचे राठ केस उन्हाला अडवतात, खालची लोकर कंगव्यानं निघते. मशीन फिरवलं की कातडी उघडी पडून भाजते, आणि पुढे लोकर आधी उगवते, राठ केस मागे राहतात, कधी येतच नाहीत. रोज संध्याकाळी एकेकाची पंधरा मिनिटं: एका हातानं केस वर धरायचे, खालून एक एक ओळ सोडत दातेरी कंगवा मुळापासून बाहेर ओढायचा. मांड्यांमागे आणि कानांमागे गुठळ्या होतात, तिथे आधी बोटांनी सोडव. या तीन आठवड्यांत आंघोळ कुणालाच नको. चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी अंगणात झटक, नाहीतर केसांचा बोळा पंपात अडकून पाणीच निघत नाही.

खाण्याबाबत तुझा हात सैल आहे म्हणून स्पष्ट लिहिते. हस्की आकाराच्या मानानं कमी खातो. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी पुरतात. आपल्याकडे प्रत्येकाला दोन वेळा ११० ग्रॅम कोरडं खाणं आणि त्यावर ५० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, बिनमिठाचं. ढग्या २५ किलोचा आहे, त्याला १३० ग्रॅम. वाटीनं नको, काट्यावर मोज. फिरून आल्यावर पाऊण तास थांबून, धाप पूर्ण बसल्यावर. उन्हात एखादं जेवण सोडलं तर काळजी नको. सलग दोन सोडली आणि कुत्रा मलूल असला तर ताप बघ.

पोळी-दूध कुणालाच नको, चांदीला तर मुळीच नाही. काही हस्कींच्या आतड्यांत जस्त नीट शोषलं जात नाही, आणि पोळी-भाकरी-डाळीतला फायटेट नावाचा घटक ते आणखी अडवतो. मग डोळ्यांभोवती आणि ओठांवर खपल्या धरतात. आली तेव्हा तिचं तोंड त्यामुळेच तसं होतं. तिची जस्ताची गोळी सकाळच्या चिकनमध्ये लपवून दे. रिकाम्या पोटी दिली तर उलटते, आणि दह्यासोबत दिली तर कॅल्शियममुळे वाया जाते.

नाशिकमध्ये राहून द्राक्षं घरात नाहीत असं होत नाही, म्हणून हे दोनदा वाच. द्राक्ष, बेदाणे, मनुका: एकही नाही. शिऱ्यातला बेदाणाही नाही. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते प्रत्येक द्राक्षात कमीजास्त असतं. म्हणून एका कुत्र्यानं मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याची थोड्यावर मूत्रपिंडं जातात. चिंचेतही तेच आम्ल, तेव्हा आमटीचं भांडं चाटायला द्यायचं नाही. खरड छाटणीच्या दिवसांत बागांच्या बांधावर सुकलेले घड पडलेले असतात. त्या वाटेनं फिरायला नेऊ नकोस. खाल्लं असं वाटलं तरी उलटीची वाट न बघता निघ, पहिल्या दोन तासांतच ओकवून काही उपयोग होतो. कांद्याचंही तसंच: वीस किलोच्या कुत्र्याला शंभर ग्रॅम, म्हणजे एक मोठा कांदा, कच्चा असो वा शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या आणि लघवी तपकिरी होते. लसूण त्याहून जहाल. रस्सा, फोडणीचा भात, मिसळीचा उरलेला पाव, सगळं बंद.

दारांचा नियम एकच: आतलं फाटक लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. पार्सलवाल्याला बाहेरच्या पेटीत ठेवायला सांग. जाळी साडेसहा फूट आहे आणि वरचा भाग आत वाकवलेला आहे, पण जाळीजवळ खुर्ची, कुंडी, कूलरचा स्टँड काहीही राहिलं तर बिजली त्याची शिडी करते. तळाला दोन फूट जाळी जमिनीत आडवी पुरली आहे. फाटकाखाली मात्र ती नाही, तिथली माती रोज पायानं दाबून बघ.

कुणी सुटलंच तर मागे धावू नकोस, त्यांना तो खेळ वाटतो आणि पळण्यात तू हरणारच. उलट्या दिशेनं पळ, खाण्याचा पत्र्याचा डबा वाजव, ढग्याला साखळीवर बाहेर आण. त्याला बघून बाकीचे परततात. पहिली धाव ओढ्यापलीकडच्या कोंबड्यांकडे असते, म्हणून त्या शेतकरीदादांचा नंबर फ्रिजवर सगळ्यात वर लिहिला आहे. मोकळ्या जागी पट्टा कधीही सोडायचा नाही, कुत्रा कितीही ऐकणारा वाटला तरी.

फिरवताना एका वेळी दोघंच. प्रत्येकाला दोन पट्टे: गळ्यात ओढल्यावर थोडा आवळणारा, अंगात छातीचा. छातीचा पट्टा मागे सरकून काढायची कला या सगळ्यांना येते, गळ्यातला नाही निघत. दोरी मनगटाला गुंडाळू नकोस. फास अंगठ्यात घाल आणि मूठ पोटाशी धर, म्हणजे ओढ खांद्यावर येत नाही.

जेवताना पाच जण पाच जागी, दारं लावून, आणि पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची. बिजली आणि चांदी यांना अरुंद जागेत एकत्र सोडायचं नाही. खेळताना सगळेच भयंकर ओरडतात, त्याला घाबरू नकोस: तोंड सैल उघडं, आळीपाळीनं खाली पडणं, म्हणजे खेळ. आवाज बंद होऊन अंग ताठ झालं, नजर खिळली, तर त्याच क्षणी मध्ये पाट घाल. भांडण जुंपलंच तर हात घालायचा नाही. जिन्याशी परात आणि लाटणं ठेवलं आहे, ते वाजव, नाहीतर पाण्याची नळी सोड.

बाळू वर्षभर गच्चीवर बांधलेला होता. त्याच्या डोक्यावरून हात नेऊ नकोस, छातीपाशी ने. झाडू काढण्याआधी त्याला दुसऱ्या खोलीत पाठव. एवढं सांभाळलंस तर तो तिसऱ्या दिवशी तुझ्या पायाशी झोपेल.

सातच्या आरतीला पाचही जण गळा काढतात. त्यांच्यावर ओरडलीस तर त्यांना वाटतं तूही सूर लावलास. पावणेसातला गोठवलेल्या गाजराचे तुकडे दे, तोंडं कामाला लागतात. रात्री दहानंतर सगळे आत; शेजारच्या काकूंनी आजवर फार सोसलं आहे.

गोचिडी रोज बघ: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, नखानं चिरडायची नाही. १ मे रोजी सगळ्यांना महिन्याची गोळी, भरल्या पोटी. नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी रक्ततपासणी.

आणि एक. या दिवसांत फाटकाशी कुणीतरी आणखी एक हस्की बांधून जाऊ शकतं. त्याला आपल्यांत सोडू नकोस. मागच्या कोठीत, पंख्याखाली, १४ दिवस वेगळा, कारण डिस्टेंपर आणि पार्वो हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य रोग बरोबर आलेले असू शकतात. त्याचं काम सगळ्यांच्या नंतर, चपला वेगळ्या. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं तसंच राहू दे. खपाटीला गेलेला असला तर पोटभर घालू नकोस, उपाशी शरीराला एकदम आलेलं अन्न झेपत नाही, जीवही जातो. मूठभर, दिवसातून चार-पाच वेळा. आधी पाणी, मग ताप मोजणं, मग डॉक्टरांना फोन. दया आली म्हणून घाई केलीस तर आतले पाच धोक्यात येतात.

भैरू अकरा वर्षांचा आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घर त्याला पाठ आहे, म्हणून एकही वस्तू जागची हलवू नकोस, पाण्याचं भांडं तर नाहीच. रात्री दहाला डोळ्यांत एकेक थेंब: मागून बसून, हनुवटी वर धरून, आधी त्याचं नाव घेऊन. तुझा आवाज तो ओळखेल. तू शेवटची आलीस तेव्हा त्याला दिसत होतं.

तुझी,
आई