विळी माळ्यावरून काढ, आई

ती. आई आणि अण्णा,
शि. सा. नमस्कार.

बाळूचा एमआरआय झाला. मशीनच्या धडधडीला घाबरेल वाटलं होतं, पण शहाण्यासारखा पडून राहिला. त्याच्या कपाळावरचा नि डाव्या पापणीवरचा लाल डाग बघूनच डॉक्टरांनी विचारलं, पहिली फिट कितव्या महिन्यात आली? सातव्या, म्हटलं. या दुखण्याला स्टर्ज-वेबर म्हणतात.

आई, 1995 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण होतं. तुला पाचवा होता आणि तू विळीवर भोपळा चिरलास. फेब्रुवारीत बाळू झाला, तेव्हा डाग बघून गल्लीतल्या बाया जे बोलल्या, ते तू तीस वर्षं उराशी धरून बसलीस.

ते खोटं आहे गं. दिवस राहिल्यावर अगदी सुरुवातीलाच गर्भाच्या एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो. 2013 साली शास्त्रज्ञांना तो सापडला. त्या पेशीपासून पुढं वाढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत. काही चेहऱ्याच्या कातडीत, काही मेंदूवरच्या पातळ आवरणात. म्हणून डाग आणि फिट जोडीनं. मेंदूची डावी बाजू, म्हणून उजवा हात अधू. ग्रहण लागलं तेव्हा हे सगळं कधीच घडून गेलं होतं. आणि हे आईबापाकडून येत नाही. माझ्या गरोदरपणात तू नऊ महिने देव पाण्यात घालून बसलीस, तेव्हा हे कुणी सांगायला हवं होतं.

अण्णा, फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच गाडी करून गंगाखेडच्या दवाखान्यात न्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी. डाव्या डोळ्यात दाब वाढलाय. या दुखण्यात काचबिंदू होऊ शकतो, म्हणून रोज थेंब घालायचे. डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणून आपण कधी दाखवलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गुरुवारी त्याला घेऊन येते. आई, तेव्हापासून माळ्यावर टाकलेली ती विळी काढून घासून ठेव. बाळूला भोपळ्याचे घारगे खायचेत. भोपळा तूच चीर, मी शेजारी बसते.

तुमची,
ताई