विंडो कुठे उघडते, हेही परीक्षेत तपासा

महोदय,

नाशिकच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा होते तेव्हा लॉगिन तपासतात, डेटाबेस बघतात, रिपोर्टची प्रिंट मागतात. विंडो स्क्रीनवर कुठे उघडते, हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवे.

पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावरचे संगणक मी सांभाळते. तिथला दुसरा मॉनिटर दुरुस्तीला गेला आणि सकाळी हिशोबपट्टीचा प्रोग्राम दिसेनासा झाला. टास्कबारवर त्याचे चिन्ह होते, पण क्लिक करून काही समोर येईना. दिवाणजी हैराण, बाहेर शेतकरी ट्रॉल्या रिकाम्या करून पैशांसाठी ताटकळलेले. प्रोग्राम बंद पडलाच नव्हता. तो काढून नेलेल्या मॉनिटरच्या जागी उघडत होता.

विंडोज स्क्रीनवरची जागा आडव्या आणि उभ्या अशा दोन आकड्यांत मोजते. मुख्य स्क्रीनचा डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे ०,०. आकडे उजवीकडे आणि खाली वाढत जातात. दुसरा मॉनिटर डाव्या बाजूला मांडला की तिथले आडवे आकडे उणे होतात. बंद होताना प्रोग्रामने अशी उणे जागा लिहून ठेवली आणि पुन्हा सुरू होताना डोळे झाकून तीच वापरली. मिनिमाइझ केलेल्या विंडोची जागा नोंदवणारे तर उणे ३२००० जपून ठेवतात, कारण विंडोज तिला तिथेच नेऊन ठेवते!

उपाय चार-पाच ओळींचा आहे. जुनी जागा वापरण्याआधी ती आज जोडलेल्या एखाद्या मॉनिटरवर येते का, हे सिस्टीमला विचारायचे. येत नसेल तर टास्कबार वगळून उरलेल्या भागात विंडो मधोमध ठेवायची. आपल्या लॅपटॉपच्या स्क्रीनची रुंदी-उंची, म्हणजे १९२० आणि १०८० हे आकडे, कोडमध्ये कोरून ठेवणे मुलांनी सोडावे. लिनक्सवर वेलँड (विंडो पडद्यावर दाखवणारी व्यवस्था) असेल तर मुख्य विंडोची जागा प्रोग्रामला ठरवताच येत नाही, हेही त्यांना वर्गातच कळावे.

कुणाची विंडो आत्ता अशी हरवली असेल तर आल्ट-टॅबने ती निवडा, आल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम, मग बाणाची कोणतीही एक कळ. त्यानंतर माउस हलवला की विंडो त्याच्यामागे येते.

परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रोजेक्टर जोडलेला असतोच. विंडो त्याच्यावर न्यायला सांगा, प्रोग्राम बंद करायला लावा, केबल काढा आणि पुन्हा सुरू करायला सांगा. विंडो दिसली नाही तर गुण कापा.

— एक संगणक तंत्रज्ञ, गंगापूर रोड, नाशिक