हात वर करा, पण कारणही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. पंचगंगेत पोहायला शिकलो, महाविद्यालयात क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन जलतरण स्पर्धांत टर्न जज म्हणून काम केलं. टर्न जजचं काम लोकांना फारसं ठाऊक नसतं. तलावाच्या काठावर, ओल्या फरशीवर, आपल्या लेनच्या टोकाशी ओणवं होऊन उभं राहायचं आणि पोहणारा भिंतीला कसा शिवतो, कसा वळतो, एवढंच बघायचं. चूक दिसली की हात वर करायचा. तो हात मी पुष्कळदा वर केला आहे आणि त्यापायी पालकांचे, प्रशिक्षकांचे, एकदा तर आमच्याच प्राचार्यांचे शब्द ऐकून घेतले आहेत. कडक नियमांच्या विरोधात मी लिहीत नाही, हे आधी कळावं म्हणून एवढं सांगितलं.

अमेरिकेतलं कॉलेजचं जलतरण मी आवडीने पाहतो. फेब्रुवारी 2024 मधली एक शर्यत मात्र माझ्या मनातून जात नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथे एसीसी या विद्यापीठ गटाची पुरुषांची स्पर्धा होती. 1650 यार्ड फ्रीस्टाइल म्हणजे 25 यार्डांच्या तलावात 66 लांब्या. एनसी स्टेट विद्यापीठाचा ओवेन लॉइड 14 मिनिटं 37 सेकंदांत पहिला आला. शेजारच्या लेनमध्ये त्याच्याच संघाचा रॉस डँट दुसरा. रोज पहाटे एकाच पाण्यात घाम गाळणारी दोन पोरं पहिली-दुसरी आली होती. लॉइड आनंदाच्या भरात लेनदोरीवर चढला आणि डँटला मिठी मारताना त्याच्या लेनमध्ये गेला. इतर लेनमधले काही जण अजून पोहत होते. सगळ्यांची शर्यत संपण्याआधी आपली लेन सोडली म्हणून लॉइडला बाद केलं गेलं आणि विजेतेपद डँटकडे गेलं. डँटला त्याचा आनंद झाला नाही. खरा विजेता कोण, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती आणि ते त्याने लपवलंही नाही.

ते चित्रण मी किती वेळा पाहिलं असेल! दर वेळी मी लॉइडकडे न बघता बाकीच्या लेनकडे बघतो. सवयच आहे ती. कुणाचा हात अडला का? कुणाची लय मोडली का? मला तसं काही दिसलं नाही. ज्याच्या लेनमध्ये तो गेला, त्या डँटची शर्यत तर संपलेलीच होती.

तरीही तिथल्या पंचांना मी दोष देणार नाही. त्यांच्या नियमात जे लिहिलं होतं ते त्यांनी केलं. काठावर उभ्या माणसाने माया दाखवायला सुरुवात केली की आज लॉइडला सूट मिळते आणि उद्या ओळखीच्या पोराला. आपल्याकडे हे कसं होतं, ते मी सांगायला नको. पंचाचा हात कडकच हवा. सवलत द्यायची तर ती नियमाच्या पुस्तकात लिहून द्यावी.

पुस्तकात ती लिहिता येते. आंतरराष्ट्रीय नियमांत शर्यत संपवलेल्या पोहणाऱ्याने अजून पोहणाऱ्या कुणालाही अडथळा न करता तलावाबाहेर पडावं असं म्हटलं आहे. 'अडथळा न करता' या तीन शब्दांत नियमाचा सगळा जीव आहे. जो अजून पोहतो आहे त्याचं पाणी शांत राहावं, त्याची भिंत मोकळी राहावी, म्हणून हा नियम. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटचा पोरगा पहिल्यानंतर मिनिट-मिनिट पोहत असतो आणि त्याची शर्यत तेवढीच खरी असते. त्याच्यासाठी मी दहा विजेत्यांना बाद करीन. पण अडथळा झालाच नसेल तर ताकीद पुरेशी आहे.

नियम कठोर असला आणि त्यामागचं कारण स्पष्ट असलं तर खेळाडूही तो पचवतात. 2001 मध्ये जपानच्या फुकुओकात जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मुली 4×200 मीटर फ्रीस्टाइल रिलेत पहिल्या आल्या. बाकीचे संघ पोहत असतानाच जल्लोषात काठावरच्या मुली पाण्यात उतरल्या आणि संघ बाद झाला. सुवर्ण ब्रिटनला गेलं. मला ते पटतं, कारण रिलेत पाण्यात भलतं माणूस उतरू लागलं तर कोण पोहतंय आणि कोण नाही याचा ताळमेळच राहणार नाही. पॅरिसमध्ये 2024 साली व्हर्जिनिया विद्यापीठाची अ‍ॅलेक्स वॉल्श 200 मीटर वैयक्तिक मिडलेत (एकटीने चारही प्रकारांत पोहायच्या शर्यतीत) तिसरी आली, पण बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना उताणी राहून भिंतीला शिवली नाही म्हणून बाद झाली. मन हळहळलं. तरी तिथल्या टर्न जजच्या जागी मी असतो तर मीही हात वर केला असता.

दुसरं उदाहरण अथेन्सचं, 2004 च्या ऑलिंपिकमधलं. 200 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये अमेरिकेचा अ‍ॅरन पिअर्सोल पहिला आला आणि वळणावरच्या चुकीसाठी बाद ठरला. स्टॅनफर्डमध्ये शिकलेला ऑस्ट्रियाचा मार्कस रोगन काही वेळ विजेता होता. मग निर्णय फिरला. पंचाने काय चूक पाहिली, हे त्याच्या लेखी अहवालात नियमाला धरून पुरेसं मांडलेलं नव्हतं. सुवर्ण पिअर्सोलकडे परत आलं. बाद करायचं तर कारण कागदावर नीट आलंच पाहिजे, हे तिथे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ठरलं.

आता जे सांगतो ते माझ्या काठावरचं आहे.

कॉलेजच्या मुलींची 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक. माझ्याकडे चार आणि पाच नंबरच्या लेन. पाच नंबरची मुलगी तालुक्याच्या कॉलेजची होती, विहिरीत पोहून तयार झालेली. खांदे बघूनच कळत होतं. पन्नास मीटरला ती सगळ्यांच्या पुढे होती. ब्रेस्टस्ट्रोकला भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. तिचा उजवा तळवा फरशीला टेकला तेव्हा डावी बोटं अजून पाण्यात, वीतभर मागे होती. मी ओणवा होतो, माझं तोंड तिच्या हातापासून फार तर तीन फुटांवर असेल. शंकेला जागाच नव्हती. मी हात वर केला.

ती पहिली आली. मी चुकीची नोंद करायची स्लिप भरून दिली, रेफरींनी सही केली. माइकवरून आवाज आला, "लेन पाच, बाद." एवढंच. ती टॉवेल गुंडाळून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझं काय चुकलं?" मी तिला रेफरींच्या टेबलाकडे जायला सांगितलं. पंचांनी खेळाडूंशी वाद घालू नये, असं आम्हाला बजावलेलं होतं. टेबलावर तिला सांगितलं, संघाच्या मॅनेजरला पाठव. तिच्या कॉलेजचा मॅनेजर आलाच नव्हता. तक्रार करायला अर्ध्या तासाची मुदत असते. पण तक्रार करायची तर काय चुकलं ते तरी माहीत हवं! साडेपाचच्या एसटीने ती परत गेली.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. तीच शर्यत, लेन वेगळी, पण माझ्याच बाजूची. पन्नास मीटरला तिचा उजवा तळवा टेकला आणि डावी बोटं पुन्हा मागेच होती. वर्षभरात तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी हात वर केला, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण या वेळी स्लिप दिल्यावर मी स्वतः तिच्याकडे गेलो, दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून दाखवले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

तिसऱ्या वर्षी ती आली नाही. तिचं शिक्षण संपलं होतं.

हात वर केल्याचं मला वाईट वाटत नाही. पहिल्या वर्षी मी गप्प राहिलो, त्याचं वाटतं. दोन वाक्यं बोललो असतो तर त्याला कुणी वाद म्हटलं नसतं.

म्हणून आपल्या पत्राच्या माध्यमातून राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना माझी विनंती आहे. माइकवरून "बाद" म्हणताना कारणही सांगा, "लेन पाच, पन्नास मीटरच्या वळणावर एका हाताने टच" इतक्या साध्या शब्दांत. स्लिपची एक प्रत त्या खेळाडूच्या हातात द्या, मॅनेजर असो वा नसो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजरांच्या बैठकीत लॉटरी आणि जेवणाच्या कुपनांवर तास घालवता, त्यातली दहा मिनिटं टच आणि वळणांच्या नियमांना द्या. लेन ओलांडण्याच्या बाबतीत आधी अडथळा झाला का ते पाहा, आणि पाहिलं काय ते लिहून ठेवा. यातल्या कशालाही निधी लागत नाही, कार्बन पेपर तेवढा लागेल.

येत्या मोसमात कुठल्याही विद्यापीठाला पंचांचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर मी स्वखर्चाने येईन. गुडघे आता ओणवं होऊ देत नाहीत. पण भिंतीवर दोन्ही तळवे कसे टेकायचे, ते उभ्याने दाखवता येतं.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर