मोटार शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जिथले प्रशिक्षण पूर्ण केले की आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही, त्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते, त्यात जागा किती एकर हवी, सिम्युलेटर हवा की नको, हजेरी बोटाच्या ठशाने घ्यायची की आणखी कशी, याचाच ऊहापोह प्रामुख्याने असतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी डाव्या सीटवर बसून जो त्याला गाडी शिकवतो, त्याची निवड आणि तयारी कशी होते, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत बाजूलाच राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक हा व्यवसाय शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि आमच्याकडून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली काही मुले पुढे मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवू लागली, म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ खाली ड्रायव्हिंग स्कूलचे नियमन होते आणि तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ मध्ये आहे. शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण असावा, त्याला गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, त्याच्याकडे मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीतील वरची पात्रता असावी, वाहतुकीची चिन्हे व नियम त्याला नीट ठाऊक असावेत, गाडीच्या भागांचे कार्य त्याला समजावून सांगता यावे आणि इंग्रजी किंवा त्या भागाची भाषा त्याला पुरेशी यावी, इतक्या अटी त्यात आहेत. अटी वाईट नाहीत. परंतु एक तर परवाना मिळतो तो संस्थेला, शिकवणाऱ्या माणसाला नव्हे. आणि दुसरे असे की, या माणसाला शिकवता येते का, हे तपासणारी परीक्षा या नियमांत कुठेच नाही. गाडीचे भाग समजावून सांगणे आणि घाबरलेल्या माणसाला भर रहदारीत गाडी चालवायला शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत.

मोटार मेकॅनिकच्या प्रमाणपत्राची अट का घातली गेली असावी, हे त्या काळच्या गाड्या आठवल्या की कळते. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग यांची जुजबी माहिती नसलेला चालक तेव्हा रस्त्यातच अडकून पडे, त्यामुळे चालकाला निम्मा मेकॅनिक करणे शहाणपणाचे होते आणि म्हणूनच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इंजिन, गिअर बॉक्स व ब्रेक ड्रमचे तक्ते, पाने, जॅक आणि पंक्चरचे साहित्य असलेच पाहिजे, असे नियम सांगतो. आज बॉनेट उघडून रस्त्यावर दुरुस्त करता येईल असे फारसे काही उरलेले नाही. आमच्या व्यवसायाचा मान कमी व्हावा असे मला मुळीच वाटत नाही, पण जो क्लच प्लेट उत्तम बदलतो त्याला क्लच सोडायला शिकवता येईलच, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

या क्लचचेच उदाहरण घेतो, कारण शिकवण्याचे कौशल्य म्हणजे नेमके काय, हे इथे चटकन दिसते. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लचचे पेडल असावे लागते. ही नियमाचीच अट आहे आणि ती अत्यावश्यक आहे. परंतु कोणत्याही शहरात सकाळी सहा-सातच्या सुमारास ‘एल’ लावलेली गाडी चढावर थांबलेली पाहावी. शिकणारी व्यक्ती क्लच सोडू लागते, गाडी थरथरते, आणि इंजिन बंद पडण्याच्या आतच शेजारचे सर आपले पेडल दाबून, उजव्या हाताने स्टेअरिंग धरून गाडी सहज चढावरून काढतात, वर ‘हाफ क्लच, हाफ क्लच म्हटलं ना मी!’ असेही ऐकवतात. मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबतात, पण शिकणाऱ्याच्या पायाला काहीच कळलेले नसते, कारण पकड कुठे येते हे त्याच्या पायाने एकदाही अनुभवलेले नसते. चांगला शिक्षक अशा वेळी गाडी आधी सपाट, मोकळ्या जागेत नेईल, ॲक्सिलरेटरला हात लावू न देता, म्हणजे खरे तर पाय लावू न देता, केवळ क्लच सोडून गाडी पुढे सरकवायला लावील, इंजिनचा आवाज कुठे बदलतो ते ऐकायला सांगील, बंद पडली तर पडू देईल, आणि त्यानंतरच हँडब्रेकच्या आधाराने चढावर आणील. आपले पेडल कधी दाबायचे यापेक्षा कधी दाबायचे नाही, हे कळायला त्याला स्वतःला शिकावे लागते, आणि ते शिकवणारी व्यवस्था आज आपल्याकडे जवळजवळ नाही.

विरोधाभास असा की, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवणाऱ्या निदेशकासाठी केंद्र सरकारची शिल्पकारागीर निदेशकांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र योजना आहे. मुंबईत चुनाभट्टीला असलेल्या राष्ट्रीय संस्थेसह देशात अनेक ठिकाणी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो आणि त्यात अध्यापनाची पद्धत हा वेगळा विषय असतो. धड्याचे टाचण कसे काढायचे, काम आधी स्वतः करून दाखवताना कुठे थांबायचे, चुकणाऱ्याला कसे सावरायचे, हे त्यात शिकवले जाते. पत्रा कापायला शिकवणाऱ्यासाठी आपण हा विचार केला. हजार किलो वजनाचे वाहन भर रस्त्यात नवख्या माणसाच्या हाती देऊन शेजारी बसणाऱ्यासाठी मात्र केलेला नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. याचा सगळा दोष शिकवणीवर टाकता येणार नाही, रस्ते, वेग, मद्य अशी कारणे आहेतच, पण शिकवणीकडे पाहायलाच नको, असेही त्यातून निघत नाही.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था कशी आहे, ते येथे सांगण्यासारखे आहे, कारण योगायोगाने तिथला रस्ते वाहतूक कायदाही १९८८ चाच आहे. तिथे मोबदला घेऊन मोटार शिकवायची तर व्यक्तीचे नाव सरकारी नोंदवहीत असावे लागते. ही नोंदणी १९६४ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि १९७० पासून सक्तीची झाली. उमेदवाराला तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला लेखी ज्ञानाचा आणि पडद्यावर चित्रफिती पाहून धोका वेळीच ओळखण्याचा, दुसरा स्वतःच्या चालवण्याचा, सुमारे तासाभराचा, आणि तिसरा शिकवण्याच्या क्षमतेचा. या तिसऱ्या टप्प्यात उमेदवार खऱ्या विद्यार्थ्याला धडा देतो आणि परीक्षक मागे बसून सतरा निकषांवर ५१ पैकी गुण देतो. त्यातील धोक्याच्या व्यवस्थापनाच्या भागात सात किंवा त्याहून कमी गुण पडले, तर बाकीचे कितीही असोत, उमेदवार नापास होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला प्रत्येकी तीनच संधी असतात. उत्तीर्ण झाल्यावरही नोंदणी चार वर्षांची असते आणि त्या मुदतीत त्याच्या शिकवण्याची पुन्हा तपासणी होते. हे सगळे जसेच्या तसे उचलून आणावे, असे माझे म्हणणे नाही. आपली रहदारी आणि आपली कार्यालये वेगळी आहेत. पण शिकवण्याची परीक्षा घेता येते आणि गुण देऊन घेता येते, एवढे तरी त्यावरून मान्य करावे.

आपल्याकडे २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या वाहनासाठी तिथे चार आठवड्यांच्या मुदतीत २९ तासांचे प्रशिक्षण आहे, आणि ते पूर्ण करणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. (२०२४ मध्ये ‘जूनपासून आरटीओत जायची गरजच नाही’ अशा बातम्या पसरल्या आणि काही नवे घडलेले नसल्याचा खुलासा मंत्रालयाला करावा लागला, तो याच तरतुदींवरून.) हेतू चांगला आहे, परंतु अशा केंद्राला हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा लागते आणि ती पुण्या-मुंबईच्या पोटात कुठून येणार? त्यामुळे बहुतेक लोक यापुढेही कोपऱ्यावरच्या, दोन गाड्यांच्या स्कूलमध्येच शिकणार आहेत, आणि तिथे लागू असतो तो १९८९ च्याच नियमांतील एकवीस दिवस व दहा तासांचा किमान अभ्यासक्रम. एवढ्या थोड्या वेळात शिकवणाऱ्याची गुणवत्ता हाच मुख्य घटक ठरतो.

माझी सूचना अशी आहे की, परिवहन विभागाने शिकवणाऱ्या व्यक्तीलाच स्वतंत्र पात्रतापत्र द्यावे, त्यावर छायाचित्र असावे आणि शिकवणी चालू असताना ते गाडीच्या पुढच्या काचेवर लावलेले असावे. त्यासाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम असावा आणि शेवटी प्रत्यक्ष धडा देऊन परीक्षा व्हावी. यासाठी नव्या इमारती उभारण्याची आवश्यकता नाही. पुण्यात नाशिक फाट्याजवळ चालक प्रशिक्षण व संशोधनाची संस्था आहे, चारचाकीच्या पक्क्या परवान्याची चाचणीही तिथेच होते, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत आयटीआय आहेत, जिथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेले निदेशक आधीच नोकरीत आहेत. सध्या शिकवत असलेल्यांना वर्गात न बसवता थेट परीक्षेला बसू द्यावे; त्यांच्यात अतिशय हाडाचे शिक्षक आहेत, हे मी पाहिलेले आहे. यातून आणखी एक गोष्ट साधेल. गाडी शिकायला येणाऱ्या महिलांची संख्या मोठी आहे, आणि बंद गाडीत आपल्या शेजारी कोण बसणार आहे हे त्यांना आधी कळणे, तसेच महिला शिक्षक वाढणे, दोन्ही गरजेचे आहे. मेकॅनिकच्या प्रमाणपत्राची अट या दुसऱ्या गोष्टीच्या आड येते, कारण या व्यवसायाला मुली आमच्याकडे फारच थोड्या येत असत.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. नवे पात्रतापत्र म्हणजे नवा दलाल, हा पहिला, आणि तो खोटा नाही. परवाना मिळवून देण्याची भलतीसलती हमी स्कूलने विद्यार्थ्याला देऊ नये, असे आजचे नियम सांगत असतानाही काय चालते, ते वाचक जाणतात. म्हणूनच धड्याची परीक्षा कॅमेऱ्यासमोर व्हावी आणि तिचे चित्रण जपून ठेवावे. दुसरा आक्षेप पगाराचा. पहाटेपासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचेस घेणाऱ्या माणसाला जे हाती पडते, त्यापेक्षा टॅक्सी चालवून अधिक मिळते असे वाटल्यास तो जाणारच. पात्रतापत्र त्याच्या नावाचे असेल, तर तो एका मालकाला बांधलेला राहणार नाही आणि शिकणारेही नाव पाहून येतील. शुल्क थोडे वाढेल, ते वाढू द्यावे.

नियम बदलायला वेळ लागतो, तोवर एक काम उद्यापासून होऊ शकते. शिकवणाऱ्यांची नावे व पत्ते ड्रायव्हिंग स्कूलने दर्शनी भागात लावावेत, अशी अट आजही नियमांत आहे. प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांनी आपापल्या हद्दीतील स्कूलना भेट देऊन, फलकावरचा माणूसच गाडीत बसतो का, एवढे पाहावे आणि ती नावे पात्रतेसह कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावीत.

आपला,
एक निवृत्त निदेशक, पिंपरी-चिंचवड