नाना पेठेतल्या पिनवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

जुलैतल्या त्या शनिवारी भर पावसात पांढऱ्या पद्मिनीच्या काचेचं हँडल धरून खेचत बसलेला माणूस तो मी. समोरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून तुम्ही छत्री न घेताच आलात आणि म्हणालात, "अहो, दात उपटताय का?"

बाबांची १९८२ ची गाडी. दरवाजातून कुबट वास यायचा, रेक्झीनखालचा हार्डबोर्ड पापडासारखा फुगलेला. आधी एका गॅरेजात दाखवली, तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर खुपसून मागच्या दरवाजाच्या पॅनेलचा कोपराच मोडला. म्हणून स्वतःच करायला घेतलं आणि हँडलचा स्क्रू शोधून दमलो. स्क्रू नव्हताच! हँडलमागची गोल वाटी तुम्ही दोन्ही अंगठ्यांनी आत दाबायला लावलीत, तेव्हा दांड्याच्या आरपार गेलेली, काडेपेटीतल्या काडीएवढी पिन दिसली. बारीक खिळ्याने ढकलली आणि हँडल अलगद हातात आलं. आतल्या कडीचंही तसंच. तुम्ही स्वतः बोटही लावत नव्हतात, याचा तेव्हा राग आला होता, खरं सांगतो.

"आता पॅनेलमागे पुट्टी भरायची पट्टी घाला, तीही क्लिपच्या अगदी शेजारी. मध्येच ओढलंत तर बोर्ड फाटेल." एकेक क्लिप टक् करून सुटत गेली. आतलं प्लास्टिक कुणीतरी कधीच फाडून टाकलेलं. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी जायचंच, म्हणालात, ते खालून बाहेर पडतंय का बघा. तळाच्या भोकांत तार घातली, तर आधी गुलमोहराच्या बारीक पानांचा चिखल, आणि मग चहाच्या रंगाचं पाणी थेट माझ्या चपलेवर.

पैसे विचारले, तर चार नव्या क्लिपांचेच घेतलेत.

आता नवा बोर्ड कापून, पत्र्यावर प्लास्टिक चिकटवून बसवलाय. वास गेला. फक्त एक. "काच पूर्ण वर असताना हँडल कुठे बघतंय, ते खडूने लिहून ठेवा," हे तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी दोनदा मान डोलावली. सध्या गाडीत बसलं की हँडल गुडघ्याला लागतं. पिन परत काढायचीय. वाटी कुठे दाबायची ते माहीत आहे, त्यामुळे यंदा तुम्हाला पावसात यावं लागणार नाही.

तुमचं,
ओल्या चपलेचं गिऱ्हाईक